भूगोलाचा मान कोणत्या मापाने?



माध्यमिक शाळांतील भूगोल विभागांना गुणवत्तेचे मानचिन्ह द्यावे की नाही, आणि द्यावयाचे तर कोणत्या कसोटीवर, हा आजचा विषय आहे. हा प्रश्न शिक्षकांच्या बैठकीचा आहे, व्याख्यानमालेच्या मांडवातला नाही, असे कोणी म्हणेल. आमचे मत वेगळे आहे. ज्या जिल्ह्यात पाण्याचा, जमिनीचा आणि पावसाचा प्रश्न घरोघरी आहे, त्या जिल्ह्यात भूगोल कसा शिकविला जातो ही गोष्ट पालकांची, शेतकऱ्यांची आणि एकंदर नागरिकांची आहे. म्हणूनच ती आम्ही आपल्यापुढे ठेवीत आहोत.

प्रथम आपल्याकडे या विषयाची पायरी कोणती ते पाहू. दहावीच्या परीक्षेत भूगोलाची लेखी परीक्षा चाळीस गुणांची असते. २०२० च्या मार्चमध्ये करोनाच्या साथीमुळे राज्यात हा शेवटचा पेपर होऊ शकला नाही. पुढे तो रद्द झाला आणि इतर विषयांत मिळालेल्या गुणांची सरासरी काढून भूगोलाचे गुण दिले गेले. त्या प्रसंगी दुसरा मार्ग नव्हता. मंडळाला दोष देण्याचे कारण नाही. पण त्या निर्णयाने एक गोष्ट उघड केली. मराठी, गणित, विज्ञान यांची सरासरी काढली की भूगोल येतो, असे मानून समाज पुढे गेला आणि त्यात काही हरवले असे फारसे कोणाला वाटले नाही. भाषेच्या किंवा गणिताच्या बाबतीत हे इतक्या सहज पचले असते का?

आणि योगायोग असा की त्याच वर्षी जूनमध्ये आपल्याच जिल्ह्यातील लोणार सरोवराचे पाणी गुलाबी झाले. खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांच्या रंगद्रव्यामुळे हा रंग आला, असा निष्कर्ष पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाण्याचे नमुने तपासून काढला. पेपर रद्द झाला होता. भूगोल मात्र रद्द झाला नव्हता.

आता मानचिन्हाकडे वळू. इंग्लंडात भूगोलाच्या शिक्षकांची 'जिऑग्राफिकल असोसिएशन' नावाची संस्था आहे. ती १८९३ साली स्थापन झाली. माध्यमिक शाळांतील भूगोल विभागांसाठी तिने एक गुणवत्ता-मानचिन्ह ठरविले आहे. त्याची रीत समजून घेण्यासारखी आहे. हे मानचिन्ह शाळेच्या इमारतीला नाही, मुख्याध्यापकांना नाही, एका आदर्श शिक्षकालाही नाही. ते विभागाला, म्हणजे तो विषय शिकविणाऱ्या सर्वांना मिळून आहे. विभागाने आधी लेखी कसोट्यांवर स्वतःची तपासणी करावयाची, मग आपल्या म्हणण्याला पुरावे जोडावयाचे आणि ते पुरावे त्याच विषयातल्या जाणकारांनी तपासावयाचे. यात पहिला-दुसरा क्रमांक नाही. कसोटीला उतरेल त्या प्रत्येकाला मान. आणि हा मान कायमचाही नाही. ठरावीक मुदत संपली की पुन्हा तपासणीला उभे राहावे लागते.

आपल्याकडे असले काही नाही असे नव्हे. २०१५ साली सुरू झालेला 'शाळासिद्धी' कार्यक्रम सात क्षेत्रे आणि सेहेचाळीस मानके घेऊन शाळेला स्वतःचे मूल्यमापन करावयास लावतो. 'मुख्यमंत्री माझी शाळा, सुंदर शाळा' हे अभियानही झाले. परंतु ही मोजमापे सबंध शाळेची आहेत. त्यांत भिंतीचा रंग दिसतो, स्वच्छतागृह दिसते, पटसंख्या दिसते. भूगोल वेगळा दिसत नाही.

पुरस्कारांचा आपला अनुभवही संमिश्र आहे. संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानाने २००० नंतर खेडोपाडी लोकांच्या हाती खराटा दिला, ही थोर गोष्ट होय. पण समिती येणार म्हणून झाडलेली गल्ली आणि रोज झाडली जाणारी गल्ली यांत अंतर असते, हे प्रत्येक गावाला ठाऊक आहे. उलट, २०१८ च्या वॉटर कप स्पर्धेत मोताळा तालुक्यातील सिंदखेड गावाने राज्यपातळीवर बक्षीस मिळविले. तेथे तपासनीसांनी मोजले ते लोकांनी खोदलेले चर आणि घातलेले बांध. स्पर्धा संपली तरी चर राहतो, आणि पुढच्या पावसात पाणी अडवितो. जे मोजले जाते ते मागे उरणारे असेल, तरच पुरस्काराला अर्थ आहे. भूगोल विभागाच्या बाबतीत मागे उरणारे ते काय, हाच खरा प्रश्न आहे.

आमचे उत्तर असे, की मागे उरते ती आपला मुलूख वाचता येण्याची शक्ती. आणि बुलढाण्याइतका वाचनीय मुलूख क्वचितच मिळेल. आपण रोजच्या बोलण्यात 'घाटावरचे' आणि 'घाटाखालचे' म्हणतो. या दोन शब्दांत अर्धा भूगोल आहे. अजिंठ्याच्या डोंगररांगेने जिल्हा दुभागला आहे. पैनगंगा याच डोंगरात उगम पावते आणि तिचे पाणी वर्धेतून गोदावरीच्या मार्गाने बंगालच्या उपसागराला जाते. घाटाखालची पूर्णा तापीला मिळून अरबी समुद्राकडे जाते. म्हणजे एकाच डोंगरमाथ्यावर पडलेली सर दोन समुद्रांत वाटली जाते. आणखी गंमत अशी, की देऊळगाव राजाकडची खडकपूर्णा ही नावाने पूर्णा असली तरी ती गोदावरीच्या घरची. दोन पूर्णा, दोन दिशा! दहावी उत्तीर्ण झालेल्या किती मुलांना हे नकाशावर बोट ठेवून दाखविता येईल?

लोणारचेच घ्या. बसाल्टच्या खडकात सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे हे विवर आहे. ते ज्वालामुखीचे मुख असावे असे पुष्कळ काळ मानले गेले. १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने, आघाताने बदललेल्या खनिजांच्या पुराव्यावरून, ते अशनीपाताने झाल्याचे दाखवून दिले. त्याच्या वयाबद्दलचे आकडे आजही जुळत नाहीत. एक पद्धत सुमारे बावन्न हजार वर्षे सांगते, दुसरी साडेपाच लाखांहून अधिक. पाठ्यपुस्तकात एक वाक्य पाठ करणाऱ्या मुलाला ही विसंगती अडचणीची वाटेल. पण शास्त्र म्हणजे पुराव्यावरून मत बदलणे, हे शिकविण्यास याहून चांगली शाळा कोणती? नोव्हेंबर २०२० मध्ये हे सरोवर रामसर यादीत गेले. जग ज्याची नोंद घेते त्याची सहल आपण वर्षातून एकदा, डबे घेऊन काढतो आणि छायाचित्रे काढून परततो.

हे केवळ अभिमानाचे प्रश्न नाहीत. पूर्णेच्या गाळाच्या खोऱ्यात, शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद, नांदुरा या भागांत, खारपाणपट्टा पसरला आहे. विहिरीचे आणि कूपनलिकेचे पाणी खारे. मूत्रपिंडाच्या विकारांच्या तक्रारी तेथे वर्षानुवर्षे आहेत. २०२४ च्या अखेरीस शेगाव तालुक्यातील काही गावांत लोकांचे केस अचानक गळू लागले. प्रथम संशय आला तो पाण्याचा. पुढे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी बोट दाखविले ते रेशनवर परप्रांतातून आलेल्या गव्हातील सेलेनियमकडे. दूरच्या जमिनीतला एक घटक धान्याच्या पोत्यातून आपल्या ताटात येऊ शकतो, ही कल्पना ज्या गावाला आधीपासून आहे ते गाव घाबरून न जाता प्रश्न विचारते. ज्याला ती नाही, तेथे अफवा पिकतात. भूगोल न शिकण्याची किंमत अशी मोजावी लागते.

तेव्हा या जिल्ह्यात भूगोल विभागांसाठी मानचिन्ह असावे, आणि त्याच्या कसोट्या थोड्या पण खऱ्या असाव्यात, अशी आमची सूचना आहे.

पहिली कसोटी: मुले नकाशा घेऊन शाळेबाहेर चालली का? भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० प्रमाणाच्या नकाशावर दोन सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर. गावाचा ओढा त्यावर शोधून त्याच्या काठाने चालून यावे.

दुसरी: शाळेत पर्जन्यमापक आहे का, आणि त्याची वही सलग किती वर्षांची आहे? अक्षय्य तृतीयेला भेंडवळची घटमांडणी होते आणि तिच्या भाकिताकडे सारे वऱ्हाड कान लावून बसते. त्या परंपरेची थट्टा करण्याचे कारण नाही. तिच्या मुळाशी शेतकऱ्याची काळजी आहे. पण दहा वर्षांची स्वतःची नोंदवही ज्या शाळेत आहे, तेथील मुलगा भाकीत आणि पाऊस शेजारी ठेवून पाहू शकतो.

तिसरी: गावातील विहिरींची पातळी आणि पाण्याचा खारटपणा मुलांनी उन्हाळ्यात व पावसाळ्यानंतर मोजला का?

चौथी: भूगोल शिकविणाऱ्याने भूगोल शिकला आहे का, आणि नसल्यास त्याला शिकण्याची सोय शाळेने करून दिली का?

पाचवी: मुलांना जे आढळले ते ग्रामसभेपुढे गेले का?

यावर आक्षेप येतील. शिक्षकांच्या डोक्यावर अशैक्षणिक कामांचा भार आधीच आहे, त्यात ही आणखी एक भर कशाला? आक्षेप रास्त आहे. म्हणून आमचे म्हणणे की अर्ज दोन पानांहून मोठा नसावा, आणि तपासनीसाने फाइल न पाहता मुलांना विचारावे. "हा ओढा कुठे जातो?" या प्रश्नाचे उत्तर फाइलीत नसते. दुसरा आक्षेप असा, की मोठ्या गावच्या साधनसंपन्न शाळाच मान पटकावतील आणि खेड्यातली शाळा मागे राहील. पण वरच्या पाच कसोट्या पुन्हा पाहा. त्यांना संगणककक्ष लागत नाही. पर्जन्यमापक, वही, नकाशा आणि पायांत चपला एवढेच लागते. ओढा आणि विहीर तर खेड्यातल्या शाळेलाच अधिक जवळ! शिवाय क्रमांक नसल्यामुळे एका शाळेच्या यशाने दुसरीचे काही जात नाही.

हे मानचिन्ह कोणी द्यावे? महाविद्यालयांतील भूगोलाचे प्राध्यापक, जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था आणि निवृत्त भूगोल-शिक्षक यांनी मिळून द्यावे. मुदत तीन वर्षांची असावी. वही बंद पडली तर मानही संपावा. १४ जानेवारीला, प्रा. सी. डी. देशपांडे यांच्या स्मरणाने, महाराष्ट्रात भूगोल दिन पाळतात. मानचिन्हे त्या दिवशी द्यावीत, आणि मुलांनी मोजलेले आकडे त्याच दिवशी लोकांपुढे वाचावेत.

येथे बसलेल्या पालकांना मात्र समितीची वाट पाहण्याचे कारण नाही. उद्या घरी आपल्या मुलामुलींना एवढेच विचारा, की आपल्या घराच्या छपरावर पडलेले पाणी शेवटी कोणत्या समुद्राला जाते. उत्तर आले तर त्या शिक्षकाला भेटून धन्यवाद द्या. न आले तर मुलावर रागावू नका. त्याच्याबरोबर ओढ्यापर्यंत चालत जा, आणि मग शाळेत जाऊन पर्जन्यमापक आहे का, याची चौकशी करा. लोकांनी विचारावयास सुरुवात केली की शाळा मोजावयास लागते.