झाकण मिटलं, पण लॅपटॉप झोपला का?

लिनक्सवर झाकण मिटून लॅपटॉप बॅगेत टाकला, लोकलमधून उतरेपर्यंत बॅग गरम आणि बॅटरी अर्धी. लगेच ड्रायव्हरला शिव्या नकोत.

झाकण मिटल्यावर काय करायचं, ते बहुतेक डिस्ट्रोंवर सिस्टमडीचं लॉगइनडी ठरवतं. मूळ सेटिंग सस्पेंडच. पण केडीई प्लाझ्मा हे काम स्वतःकडे घेतं, मग लॉगइनडीची फाइल कितीही बदला, ढिम्म! म्हणून आधी टर्मिनलमध्ये 'सिस्टमडी-इनहिबिट --लिस्ट' चालवा (इंग्रजीत टाइप करा हं). 'हँडल-लिड-स्विच' ज्याच्या नावावर, सेटिंग त्याच्याकडे बदलायचं.

झोपूनही गरम? 'सिस'मधल्या 'पॉवर' फोल्डरातली 'मेम_स्लीप' फाइल वाचा. चौकोनी कंसात 'एस-टू-आयडल' असेल तर झोप हलकी आहे. शेजारी 'डीप' दिसलं, तर ते लावून बघा.