तीन आणे की पंधरा आणे

स्वतंत्र भारताच्या लोकसभेत सरकारविरुद्धचा पहिला अविश्वासाचा ठराव ऑगस्ट 1963 मध्ये चर्चेला आला. तो आचार्य कृपलानी यांनी मांडला होता. चीनबरोबरच्या युद्धातील पराभवाला वर्षही झाले नव्हते. कृपलानी अमरोह्यातून, मिनू मसानी राजकोटमधून आणि राममनोहर लोहिया फर्रुखाबादमधून त्याच वर्षीच्या पोटनिवडणुकांत निवडून आले होते. ठराव पडणार हे उघडच होते. तो 62 विरुद्ध 347 मतांनी पडला. पण 21 ऑगस्टच्या भाषणात लोहियांनी सभागृहासमोर टाकलेले दोन आकडे त्या मतदानापेक्षा जास्त टिकले.

देशातील सत्तावीस कोटी माणसे दिवसाला तीन आण्यांवर जगतात, हा त्यांचा पहिला आकडा. पंतप्रधानांवर रोज पंचवीस हजार रुपये खर्च होतात, हा दुसरा. आण्यांची पद्धत बदलून सहा वर्षे झाली होती. 1 एप्रिल 1957 पासून नवे पैसे आले होते. तरीही सामान्य माणसाचा हिशेब अजून आण्यांतच चालत होता आणि लोहियांना तोच माणूस गाठायचा होता. तीन आणे म्हणजे सुमारे एकोणीस नवे पैसे. पंचवीस हजार रुपयांचे होतात चार लाख आणे. म्हणजे लोहियांच्याच हिशेबाने पंतप्रधानांच्या एका दिवसाच्या खर्चात सव्वा लाखाहून अधिक माणसांचा दिवस निघत होता.

दुसऱ्या आकड्यावरून गदारोळ अधिक झाला. मंत्र्यांचा पगार 1952 च्या कायद्याने महिना 2,250 रुपये ठरलेला होता. तेव्हा रोजचे पंचवीस हजार आले कुठून, असा प्रश्न कोणालाही पडावा. लोहियांनी पगार मोजलाच नव्हता. निवास, सुरक्षा, प्रवास असा पदाभोवतीचा सगळा सरकारी खर्च त्यांनी धरला होता. सरकारी बाजूने यावर घेतला जाणारा आक्षेपही अगदीच पोकळ नव्हता. पदासाठी होणारा खर्च हा व्यक्तीचा खर्च नव्हे. पहारा माणसाच्या हौसेखातर बसत नाही. पण अशी एकूण रक्कम अर्थसंकल्पात कोठेही एका ओळीत सापडत नाही. निवासाची देखभाल एका खात्याच्या मागणीत, विमानप्रवास दुसऱ्याच्या, पोलीस तिसऱ्याच्या. प्रत्येक मागणी स्वतंत्रपणे मंजूर होते आणि बेरीज कोणीच करत नाही. ती बेरीज करायला बसणे हेच लोकप्रतिनिधीचे काम. लोहियांच्या बेरजेत चूक असेलही, पण तिचे उत्तर दुसरी, अधिक नेमकी बेरीज हेच होते.

संसदेच्या हाती साधने नव्हती असे नाही. प्रश्नोत्तराचा तास होता, लोकलेखा समिती होती, 1950 पासून अंदाज समितीही होती. मागण्यांवर कपात सूचना देता येत. धोरणाला विरोध म्हणून मागणी एक रुपयावर आणण्याची, तर एखादे गाऱ्हाणे मांडण्यासाठी शंभर रुपये कमी करण्याची सूचना. बहुमत सरकारचे असल्याने त्या सहसा पडत. तरीही एकट्या सदस्याच्या चिकाटीने काय होऊ शकते ते लोहियांआधी फिरोज गांधींनी दाखवले होते. आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंदडाच्या कंपन्यांचे शेअर विकत घेतले होते, आणि डिसेंबर 1957 मध्ये फिरोज गांधींनी तो व्यवहार सभागृहात उघडा केला. मुंबईचे मुख्य न्यायाधीश छागला यांच्या आयोगाने उघड चौकशी केली आणि पुढच्या फेब्रुवारीत अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना जावे लागले. तेथे एक व्यवहार होता, सही होती, जबाबदार माणूस होता. लोहियांचा प्रश्न असा एका फायलीत मावणारा नव्हता.

तीन आण्यांचा आकडा पंतप्रधान नेहरूंनी साफ नाकारला. नियोजन आयोगाच्या हिशेबाने दरडोई उत्पन्न दिवसाला पंधरा आणे पडते, असे त्यांनी सांगितले. तो आकडा खोटा नव्हता. तिसऱ्या योजनेच्या आराखड्यात 1960-61 चे दरडोई उत्पन्न सुमारे 330 रुपये दिले आहे. त्याला 365 ने भागले की नव्वद पैसे, म्हणजे साडेचौदा आणे येतात. पण ही सरासरी सगळ्या देशाची. तीत गिरणीमालकही आले आणि भूमिहीन मजूरही. लोहिया बोलत होते ते त्या सत्तावीस कोटींबद्दल, म्हणजे तळाच्या साठ टक्क्यांबद्दल. प्रश्न एक विचारला आणि उत्तर दुसऱ्याच प्रश्नाचे मिळाले. गंमत अशी की, योजनांमुळे वाढलेले उत्पन्न गेले कुठे, हे स्वतः नेहरूंनीच 1960 मध्ये संसदेत विचारले होते आणि त्यातूनच महालनोबीस समिती नेमली गेली होती. तिच्या अहवालाचा पहिला भाग 1964 मध्ये आला. म्हणजे ऑगस्ट 1963 मध्ये वाटपाचे अधिकृत उत्तर सरकारजवळही तयार नव्हते.

लोहियांनी पिच्छा सोडला नाही. बर्लिनमध्ये मिठावरील करावर प्रबंध लिहिणारा आणि जून 1946 मध्ये मडगावात पोर्तुगीज सत्तेला सभाबंदी मोडून आव्हान देणारा हा माणूस एका नकाराने गप्प बसणारा नव्हता. 1962 मध्ये फुलपूरला तो नेहरूंविरुद्ध लढून हरलाही होता. 6 सप्टेंबर 1963 रोजी केवळ याच विषयावर लोकसभेत चर्चा झाली. या वादात सरकारच्या बाजूने मंत्री गुलझारीलाल नंदा यांनी तळच्या साठ टक्क्यांसाठी साडेसात आण्यांचा आकडा दिला. पंधराचे अर्धे झाले. विरोधकांचे एकही मत न वाढता सरकारला आपला आकडा खाली आणावा लागला. लोहियांचे संसदीय यश मोजायचे तर ते येथे मोजावे.

मग तीन आणे खरे होते का? 1956-57 च्या शेतमजूर पाहणीत मजूर कुटुंबांचे दरडोई वार्षिक उत्पन्न 99.4 रुपये आढळले होते. दिवसाला सव्वाचार आण्यांहून थोडे जास्त. 1950-51 मध्ये ते 104 रुपये होते, म्हणजे पहिल्या योजनेच्या काळात ते घटलेच होते. शेतमजुरांपुरता लोहियांचा आकडा वास्तवाच्या आसपास होता, पण सत्तावीस कोटींना तो लागू पडत नव्हता. पुढे पुण्याच्या गोखले संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी 1971 मध्ये गरिबीचा अभ्यास प्रसिद्ध केला. 1960-61 च्या किमतींनुसार त्यांनी खेड्यासाठी महिना पंधरा रुपये, म्हणजे दिवसाला आठ आणे, ही किमान रेषा धरली. ग्रामीण लोकसंख्येपैकी सुमारे चाळीस टक्के तिच्या खाली होते. शहरासाठी रेषा साडेबावीस रुपये होती आणि तेथे हे प्रमाण पन्नास टक्क्यांच्या घरात गेले. हे आकडे समोर ठेवले तर तळच्या साठ टक्क्यांच्या बाबतीत नेहरूंचे पंधरा आणे टिकत नाहीत, लोहियांचे तीनही टिकत नाहीत. खऱ्याच्या सर्वांत जवळ होता तो चर्चा झाल्यामुळेच बाहेर आलेला साडेसात आण्यांचा आकडा.