रोजचा शिधा

भक्तजनहो, "वाचायला वेळ कुठं मिळतो?" असं आपण म्हणतो. केडगावच्या पंडिता रमाबाईंकडं पाहा. दुष्काळातून आणलेल्या मुली, विधवा, सगळ्यांचा भार अंगावर. तरी बाई हिब्रू-ग्रीक शिकल्या आणि अख्खं पवित्र शास्त्र मराठीत आणलं. १९२२ साली देह ठेवीपर्यंत तेच काम चाललं. हे एका रात्रीत झालं का? नाही. रोजच्या बैठकीनं झालं.

मार्काच्या शुभवर्तमानाचे अध्याय १६. रोज एक वाचा, त्यातलंच एक वचन धरून प्रार्थना करा. सोळा दिवसांत पूर्ण! अहो, दुःख दारात आलं की शास्त्र उघडायला हात उठत नाही. तेव्हा ओठांवर येतं ते रोज मुरलेलं वचनच. म्हणून सुखात असतानाच बसा, आजच बसा.

बोला, प्रभू येशू ख्रिस्ताचा जय!