संगणकाची रोजकीर्द



आजचा विषय कार्यक्रमपत्रिकेत वाचून आपल्यांपैकी पुष्कळांना वाटले असेल, की संगणकाच्या प्रोग्रॅमने आपल्या कामाच्या नोंदी कशा ठेवाव्यात हा प्रश्न त्या धंद्यातल्या माणसांचा आहे. वसंत व्याख्यानमालेच्या मंडपात त्याचे काय काम? शंका रास्त आहे आणि तिचे उत्तर मी आरंभीच देतो. बँकेतली आपली शिल्लक, विजेचे बिल, रेल्वेचे आरक्षण, मुलांच्या परीक्षेचा निकाल हे सारे आज प्रोग्रॅमच्या हातून तयार होऊन आपल्याकडे येते. ही कामे माणसे करीत होती तेव्हा कारकुनाला विचारता येत असे, की हा आकडा तुम्ही कोठून आणलात? तो वही उघडून पुढे करी. हाच प्रश्न प्रोग्रॅमला विचारावयाचा असेल, तर त्याच्याजवळही वही हवी. ती वही कशी असावी, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

इंग्रजीत या वहीला ‘लॉग’ म्हणतात. हा शब्द जहाजावरून आला. जहाजाचा वेग मोजण्यासाठी गाठी मारलेल्या दोरीला लाकडाचा तुकडा बांधून तो पाण्यात सोडीत, आणि वाळूचे घड्याळ रिकामे होईपर्यंत किती गाठी हातातून सुटल्या ते मोजीत. तो लाकडाचा तुकडा म्हणजे लॉग. आणि हे माप ज्या वहीत उतरवीत ती लॉगबुक. आपल्याला त्यासाठी समुद्रावर जाण्याचे कारण नाही. आपल्या दुकानदाराजवळ रोजकीर्द होती, कचेरीत आवकजावकीची बारनिशी होती आणि पेशव्यांच्या दप्तरात रोजनिशी होती. या सर्व वह्यांत एक गोष्ट समान आहे. त्या काही विशेष घडले म्हणून लिहिलेल्या नाहीत. रोजच्या रोज लिहिलेल्या आहेत. कोणत्या दिवसाबद्दल पुढे तंटा उपस्थित होणार, हे लिहिणाऱ्याला त्या दिवशी ठाऊक नसते.

प्रोग्रॅमच्या बाबतीत ही अडचण अधिकच कठीण होते, कारण प्रोग्रॅमला स्वतःची अशी आठवण नसते. तो चालतो, उत्तर देतो आणि संपतो. कोणत्या वाटेने उत्तरापर्यंत आला, याचा मागमूस त्याने मुद्दाम ठेवल्याखेरीज राहत नाही. उदाहरण घेऊ. समजा, एखाद्या पतसंस्थेत दर तिमाहीस मध्यरात्री दहा हजार खात्यांवर व्याज जमा करणारा प्रोग्रॅम चालतो. सकाळी एक आजीबाई येतात आणि म्हणतात, “मला ज्येष्ठ नागरिकांचा जादा दर मिळावयाचा होता, व्याज कमी का पडले?” पुस्तकात आकडा आहे, आकड्यामागचे कारण कोठेच नाही. व्यवस्थापक म्हणतो, “संगणकाने केले आहे, म्हणजे बरोबरच असणार.” आजीबाई मुकाट्याने परत जातात.

नवशिका प्रोग्रॅमर यावर एक सोपा उपाय करतो. प्रोग्रॅममध्ये जागोजाग ‘प्रिंट’ची आज्ञा घालतो, म्हणजे कोठवर काम आले ते पडद्यावर उमटते. जुळवाजुळव चालू असेपर्यंत हे ठीक आहे. पण मध्यरात्री पडद्यापुढे कोण बसणार? शिवाय प्रिंटला लहानमोठे कळत नाही; ‘काम सुरू झाले’ आणि ‘डिस्क भरली’ ही दोन्ही वाक्ये ते एकाच आवाजात सांगते. तेव्हा काम नीट चालू लागले, की इमारत झाल्यावर परांच्या उतरवाव्यात तशा या आज्ञा काढून टाकतात. सहा महिन्यांनी घोटाळा झाला की परांच्या पुन्हा बांधाव्या लागतात. पण ज्या रात्री घोटाळा झाला ती रात्र काही पुन्हा येत नाही.

यावर चांगला तोडगा निघून आता बराच काळ लोटला आहे. १९८० नंतरच्या दशकात अमेरिकेत बर्कली येथे एरिक ऑलमन यांनी टपाल पोहोचवणाऱ्या आपल्या ‘सेंडमेल’ या प्रोग्रॅमबरोबर ‘सिसलॉग’ नावाची व्यवस्था केली. तिच्यात प्रत्येक नोंदीला तिच्या गांभीर्याप्रमाणे ० ते ७ यांपैकी एक पायरी मिळते. पुढे इतर प्रोग्रॅमही तीच व्यवस्था वापरू लागले. पायथन या भाषेत नोंदींची सोय २००३ साली भाषेबरोबरच मिळू लागली. तिच्यात पाच पायऱ्या आहेत, आणि त्या आपल्या पतसंस्थेला लावून पाहिल्या म्हणजे चटकन समजतात.

सर्वांत खालची पायरी ‘डीबग’. तिचा अंक १०. अमुक खाते, शिल्लक इतकी, दिवस ९१, अशी बारीकसारीक नोंद येथे होते. दुसरी ‘इन्फो’, अंक २०: व्याजाचे काम सुरू झाले, दहा हजार खाती पुरी झाली. तिसरी ‘वॉर्निंग’, अंक ३०: या खात्यावर जन्मतारीख नाही, म्हणून साधा दर लावला. चौथी ‘एरर’, अंक ४०: हे खाते उघडता आले नाही, व्याज जमा झाले नाही. पाचवी ‘क्रिटिकल’, अंक ५०: डिस्क भरली, काम थांबले. यांखेरीज एक उंबरठा असतो. त्याच्या खालच्या अंकाची नोंद वहीत उतरत नाही. काहीच सांगितले नाही, तर पायथन हा उंबरठा ३० वर धरतो.

आता या व्यवस्थेतली खरी शहाणपणाची गोष्ट सांगतो. हा उंबरठा प्रोग्रॅमच्या आत कोरून ठेवावयाचा नसतो. तो बाहेरच्या एका छोट्या फाइलमध्ये ठेवावयाचा. संशय आला की त्या फाइलमधला एक शब्द बदलावयाचा, आणि प्रोग्रॅमच्या एकाही ओळीला हात न लावता तो अधिक बोलू लागतो. तोही सगळा नव्हे, हवा असेल तर फक्त व्याजाचा भाग. नोंद पडद्यावर जावी, फाइलमध्ये जावी, की गंभीर असेल तर जबाबदार माणसाला टपालाने कळावी, तेही तेथेच ठरते. फाइल ठराविक आकाराची झाली की नवी सुरू करावी आणि जुन्यांपैकी किती ठेवाव्यात, हेही तेथेच लिहिता येते. म्हणजे कामाची वाटणी झाली. काय बोलावयाचे ते प्रोग्रॅम लिहिणारा ठरवतो. त्यातले काय ऐकावयाचे आणि कोठे उतरवावयाचे ते प्रोग्रॅम चालवणारा ठरवतो. लिहिणारा नोकरी सोडून दूर गेला, तरी चालवणाऱ्याचे अडत नाही.

पण येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. उंबरठा वर असताना जे लिहिले गेले नाही, ते नंतर उंबरठा खाली आणून मिळत नाही. म्हणून कोणती ओळ कोणत्या पायरीवर घालावी, हा प्रश्न निव्वळ सोयीचा राहत नाही. आजीबाईंच्या खात्यावर जन्मतारीख नव्हती म्हणून साधा दर लावला, ही ओळ प्रोग्रॅमरने डीबगमध्ये टाकली असती, तर नेहमीच्या दिवशी ती वहीत आलीच नसती. माझे म्हणणे असे, की जेथे प्रोग्रॅम एखाद्या माणसाच्या वतीने दोन वाटांपैकी एक निवडतो, तेथली नोंद उंबरठ्याच्या खाली कधीही ठेवू नये. बाकीचा तपशील डीबगमध्ये राहिला तरी चालेल.

नोंद कोणत्या शब्दांत करावी, यालाही तितकेच महत्त्व आहे. थेरॅक-२५ या नावाचे किरणोपचाराचे एक यंत्र होते. १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका व कॅनडात या यंत्रातून सहा रुग्णांना भयंकर प्रमाणात जादा किरण मिळाले आणि त्यांपैकी काही दगावले. टेक्सासमधील टायलर गावी १९८६ च्या मार्च महिन्यात असा प्रसंग घडला, तेव्हा पडद्यावर दोनच शब्द आले: ‘मॅलफंक्शन ५४’. त्याचा अर्थ चालकाला कळण्याजोगा कोठेही दिलेला नव्हता. असे संदेश त्या यंत्रावर वरचेवर येत आणि चालक एक कळ दाबून पुढे जात. तशीच त्या दिवशीही कळ दाबली गेली. येथे दोन दोष एकत्र आलेले दिसतात. संदेश होता, पण तो काही सांगत नव्हता. आणि असे संदेश इतके येत, की त्यांची धास्ती उरली नव्हती. तेव्हा नोंदीत केव्हा, कोठे, कोणत्या खात्यावर, काय घडले आणि त्यावर प्रोग्रॅमने काय केले, हे साध्या वाक्यात आले पाहिजे. आणि ‘वॉर्निंग’ हा शब्द खऱ्या इशाऱ्यासाठीच राखून ठेवला पाहिजे.

याच्या उलट, वहीत काय लिहू नये हेही ठरवावे लागते. मे २०१८ मध्ये ट्विटरने आपल्या तेहतीस कोटींहून अधिक ग्राहकांना परवलीचे शब्द बदलण्याची सूचना केली. चोरी झाल्याचे आढळले नव्हते. पण एका दोषामुळे ते शब्द उघड्या अक्षरांत कंपनीच्या आतल्या लॉगमध्ये उतरले होते. तिजोरीला कुलूप लावून किल्लीचा नमुना रोजकीर्दीत काढून ठेवावा, तसा हा प्रकार झाला. डिसेंबर २०२१ मधला प्रकार याहून चमत्कारिक होता. ‘लॉगफोरजे’ हे नोंदी ठेवण्याचे साधन जगभर असंख्य प्रोग्रॅमांत वापरले जाते. नोंदीतल्या मजकुरात विशिष्ट प्रकारची खूण आली, तर हे साधन ती केवळ उतरवून घेत नसे. तिच्यात सांगितलेल्या परक्या यंत्राकडे जाऊन तेथला प्रोग्रॅम आणून चालवू शके. अर्ज वहीत उतरवणाऱ्या कारकुनाने अर्जातला हुकूमही पाळावा, तसे हे झाले. त्या दोषाला धोक्याच्या मापात दहापैकी दहा गुण मिळाले. नोंद करणाऱ्याने नोंदच करावी, हा साधेपणाचा धडा त्यातून मिळाला.

आता शेवटच्या आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाच्या मुद्द्याकडे वळतो. ही वही कोणाची? इंग्लंडमध्ये १९९९ पासून पोस्टाच्या शाखांत ‘होरायझन’ नावाची संगणकव्यवस्था बसवण्यात आली. तिच्या हिशेबात तूट दिसू लागली, आणि शाखा चालवणाऱ्या माणसांवर अफरातफरीचे, खोट्या हिशेबाचे खटले भरले गेले. २०१५ पर्यंत नऊशेहून अधिक जणांना शिक्षा झाल्या. कित्येकांनी घरे विकून न झालेली तूट भरून दिली. काही तुरुंगात गेले. डिसेंबर २०१९ मध्ये लंडनच्या हायकोर्टाने निर्णय दिला, की त्या व्यवस्थेतल्या दोषांमुळे अशी तूट दिसू शकत होती, आणि व्यवस्था पुरवणाऱ्या कंपनीची माणसे दुरून, शाखेला नकळत, हिशेबात नोंदी घालू शकत होती. त्या कंपनीजवळ ‘ज्ञात दोषांची नोंदवही’ होती. ती होती, पण ज्यांच्यावर आळ आला त्यांच्या हाती नव्हती. २०२४ साली ब्रिटिश पार्लमेंटला खास कायदा करून त्या शिक्षा रद्द कराव्या लागल्या. ज्यांचे आयुष्य मोडले, त्यांना पार्लमेंट गेलेली वर्षे देऊ शकले नाही.

हे परदेशातले म्हणून सोडून देण्याजोगे नाही. आपल्याकडेही संगणकातली नोंद न्यायालयात पुरावा म्हणून मांडता येते. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे तिच्याबरोबर प्रमाणपत्र द्यावे लागते. एप्रिल २०२२ मध्ये ‘सर्ट-इन’ या सरकारी संस्थेने काढलेल्या निर्देशांत संगणकव्यवस्थांचे लॉग १८० दिवस सुरक्षित ठेवण्यास सांगितले आहे. वही असली पाहिजे, हे कायद्याने मानले आहे. पण वहीत काय उतरावे, ती वाचता येईल अशी असावी, आणि ज्याच्याविषयी ती आहे त्याला ती पाहता यावी, हे कायद्याच्या एका ओळीने होत नाही. त्यासाठी प्रोग्रॅम लिहिणाऱ्याची सचोटी लागते आणि वापरणाऱ्यांचा आग्रह लागतो.

या सभेत जे तरुण या धंद्यात आहेत, त्यांना मी एवढेच सुचवीन, की नोंदींचे काम शेवटी उरलेल्या वेळात करावयाचे म्हणून ठेवू नका. पाच पायऱ्या, एक उंबरठा आणि बाहेरची एक फाइल, एवढी सामग्री पुरते. पहिल्या दिवशी ती बसवण्यास एक दुपार पुष्कळ झाली. आणि आपण बाकीचे, जे कोठे ना कोठे सभासद आहोत, खातेदार आहोत, ग्राहक आहोत, त्यांनी आपल्या संस्थेच्या वार्षिक सभेत एक प्रश्न विचारावा: “आपल्या संगणकाने घेतलेल्या निर्णयाची नोंद राहते काय, आणि ती सभासदाला पाहता येते काय?” या प्रश्नाला संगणकाचे ज्ञान लागत नाही. आपल्या वाडवडिलांनी दुकानदाराला हाच प्रश्न विचारला होता, आणि त्यांना उत्तर देताना त्याला रोजकीर्द उघडावी लागत होती.