तरवडाची फुले

पूजेच्या फुलांसाठी बाग करावयास निघालेला मनुष्य प्रथम मोगरा, शेवंती, गुलाब यांची नावे घेतो. तरवडाचे नाव त्याच्या ओठांवर सहसा येत नाही. माळावर आणि पडीक रानात आपोआप वाढणाऱ्या या झुडपाला बागेत मान तो कसला? परंतु नवरात्र आले म्हणजे घटावरच्या माळेसाठी हीच पिवळी फुले शोधीत लोक माळ तुडवितात! मराठीत तरवड आणि कानडीत आवरिके अशा दोन्ही नावांनी हे झुडूप सीमाभागात परिचित आहे. संस्कृतात त्याला आवर्तकी म्हणतात, तसेच चर्मरंगाही. त्याच्या सालीने कातडी कमावीत असत, त्याची खूण या दुसऱ्या नावात राहिली आहे.

तरवड दुष्काळाला दाद देत नाही, ही त्याची कीर्ती खरी आहे. पण कंग्राळीच्या बागेत प्रश्न वेगळाच उभा राहतो. बेळगाव परिसरात वर्षाला सुमारे १,२०० ते १,३०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्याचा मोठा वाटा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच येतो. अथणी-रायबागकडे याच्या निम्माही पडत नाही. तिकडच्या माळावर कोणाच्या हातचे पाणी न घेता फुलणारा तरवड मार्कंडेय नदीकाठच्या भाताच्या खाचराशेजारी लावला, तर आषाढ-श्रावणात त्याची मुळे कुजतात. मग पाने पिवळी पडलेली पाहून माळी आणखी पाणी घालतो. बागेतील तरवड बहुधा टंचाईने मरत नाही, तुंबलेल्या पाण्याने मरतो.

म्हणून जागा निवडण्यातच निम्मे काम आहे. दिवसभर ऊन लागेल असा उंचवटा पाहावा. तो नसेल तर मुरूम मिसळून हातभर उंच वरंबा घालावा. शेणखत मूठभर पुरे; अधिक दिले तर पाला माजतो आणि फुले रुसतात. माळावरचे वाढलेले झुडूप उपटून आणण्याचा मोह पुष्कळांना होतो, पण त्याचे सोटमूळ खोल गेलेले असते आणि ते तुटले की झुडूप जगणे कठीण. त्यापेक्षा बी बरे. बियांचे कवच कठीण असते. पाणी उकळून चुलीवरून उतरवावे, त्यात बी टाकून रात्रभर ठेवावे आणि सकाळी फुगलेले बी जागच्या जागी पेरावे. कुंपणासाठी दोन रोपांत तीन फूट अंतर पुरते. पहिला उन्हाळा मात्र आठवड्यास एकदा पाणी द्यावे. पुढच्या पावसाळ्यानंतर झारी दुसऱ्या झाडांसाठी ठेवावी. २०२३ साली कर्नाटकातील बहुतेक तालुके दुष्काळग्रस्त जाहीर झाले. तसल्या वर्षी विहिरीचे पाणी माणसांनी प्यावे की मोगऱ्याला घालावे, हा प्रश्न भाविकालाही टाळता येत नाही. तरवड तो प्रश्न विचारीतच नाही.

मोगऱ्याचा सुवास तरवडाला नाही, हे मान्य केले पाहिजे. परंतु सकाळी त्याच्याजवळ क्षणभर उभे राहावे. फुलात मध नसतो, परागकण असतात. तेही परागकोशाच्या टोकाशी असलेल्या बारीक छिद्रांतून सुटतात. मोठा काळा भुंगा फुलाला बिलगून अंग थरथरवितो, तेव्हाच ते बाहेर उडतात. त्या वेळचा घुमणारा आवाज चार हातांवरून ऐकू येतो. पानांवर हिरव्या अळ्या दिसल्या तरी औषध मारण्याची घाई नको. त्या बहुधा फिकट पांढऱ्या फुलपाखरांच्या असतात, आणि खाल्लेला पाला झुडूप पुन्हा भरून काढते. गुरे त्याला सहसा तोंड लावीत नाहीत, हा कुंपणाला आणखी एक लाभ.

फुले, साल आणि बी यांचे वैद्यकीय उपयोग पुष्कळ सांगितले जातात. त्यांचा अवलंब वैद्यास विचारूनच करावा.

फुले नव्या फांद्यांच्या शेंड्यांना येतात. तेव्हा शेंगा वाळल्यावर, पावसाळ्यापूर्वी, झुडूप तिसऱ्या हिश्शाने छाटावे. माळेसाठी फुले तोडताना प्रत्येक फांदीवर एखादा घोस राखावा. त्या घोसाच्या चपट्या, कागदासारख्या शेंगा वाळून तडकण्याच्या आत काढाव्यात आणि पुरचुंडीत बांधून कोरड्या जागी ठेवाव्यात. एका शेंगेत डझनभर तरी बिया निघतात, आणि शेजाऱ्याच्या कुंपणाला तेवढ्या पुरे होतात.