वेबसाइटवरील जाहिरातींची कमाई : पैसा देतो कोण?

(पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेले भाषण)



आज मी ज्या विषयावर बोलणार आहे तो पालकांनीच मला दिला आहे. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यातील कितीतरी घरांत सध्या एकच संवाद चालू आहे. मुलगा म्हणतो, "मी वेबसाइट काढतो. तिच्यावर जाहिराती लागतील, लोक क्लिक करतील आणि मला पैसे मिळतील." वडील सकाळी सहाची लोकल पकडून मुंबईला जाणारे. त्यांना कळत नाही की पोराच्या अंगावर ओरडावे की त्याला संगणक घेऊन द्यावा. आणि धंदा खरा असेल तर जाहिराती कोणत्या कंपनीकडून घ्याव्यात, हा पुढचा प्रश्न.

धंदा खरा आहे. त्याच्या नावावर चालणारी लबाडीही तितकीच खरी आहे. दोन्हींतला फरक ओळखायला एकच प्रश्न पुरतो, तो म्हणजे यात पैसा कोण देतो आणि कशासाठी देतो?

उल्हासनगरचा एखादा जीन्सवाला घ्या. त्याला गिऱ्हाईक हवे आहे. पूर्वी तो वर्तमानपत्रात जाहिरात देई आणि ती कोणी वाचली की नाही हे त्याला कळत नसे. आता तो जाहिरात कंपनीला सांगतो, "जो माणूस माझ्या जाहिरातीवर बोट ठेवून माझ्या दुकानाच्या पानावर येईल, त्याच्यामागे मी इतके रुपये देईन." असे हजारो दुकानदार बोली लावतात, आणि बोली व जाहिरातीचा दर्जा पाहून कोणाची जाहिरात कुठे दिसावी हे यंत्र ठरवते. अमेरिकेत गोटू नावाच्या कंपनीने 1998 मध्ये ही क्लिकची बोली सुरू केली. पुढे तिचे नाव ओव्हर्चर झाले आणि 2003 मध्ये ती याहूने विकत घेतली. त्याच वर्षी गूगलने ॲडसेन्स काढले आणि लहानसहान वेबसाइटवाल्यालाही आपल्या पानावरची जागा भाड्याने देता येऊ लागली. म्हणजे पैसा दुकानदाराचा, जागा तुमची आणि मध्ये दलाल. दलाली हा शब्द मी वाईट अर्थाने वापरत नाही. फर्निचर बाजारातही दलाल असतो, पण तो किती टक्के घेतो हे आपण आधी विचारतो की नाही?

तसेच इथे विचारावे. ॲडसेन्सने आपला हिशेब जाहीर केलेला आहे. दुकानदाराने 100 रुपये दिले तर जाहिरात विकणारी बाजू सरासरी 15 रुपये ठेवते. उरलेल्या 85 चे 80 टक्के, म्हणजे 68 रुपये, वेबसाइटवाल्याला मिळतात. आणखी एक बदल पुष्कळांना ठाऊक नाही. नोव्हेंबर 2023 मध्ये जाहीर करून 2024 पासून ॲडसेन्सने वेबसाइटवाल्याला क्लिकवर पैसे देण्याची पद्धत बदलली आणि जाहिरात किती वेळा दिसली यावर हिशेब ठेवला. तेव्हा "क्लिकमागे इतके डॉलर" असे आजही ॲडसेन्सच्या नावाने सांगणारा माणूस जुनी माहिती विकतो आहे असे समजा.

दुसरे मोठे नाव मीडिया डॉट नेट. ही मुंबईच्या तुराखिया बंधूंपैकी दिव्यांक यांनी उभी केलेली कंपनी, आणि 2016 मध्ये ती 90 कोटी डॉलरला एका चिनी गटाला विकली गेली. आपल्या शेजारच्या शहरातला तरुण या धंद्यात कुठवर गेला हे विद्यार्थ्यांनी जरूर लक्षात ठेवावे. मात्र या कंपनीला मुख्यतः इंग्रजी मजकूर आणि अमेरिका, कॅनडा, इंग्लंड इकडचा वाचक हवा असतो. अंबरनाथच्या मुलाने मराठीत लिहिलेल्या पानाला तिथे जागा मिळणे कठीण. चिटिका नावाची तिसरी कंपनी एके काळी लहान वेबसाइटवाल्यांत फार लोकप्रिय होती. ती 2019 मध्ये बंद झाली. याहूने वेबसाइटवाल्यांसाठी काढलेली योजना तर 2010 मध्येच गुंडाळली. एकाच दलालावर सगळा संसार मांडू नये, तो याचमुळे. बाकी थोड्या रकमेवरही पैसे सोडणाऱ्या बारीकसारीक कंपन्या पुष्कळ आहेत. त्यांतील बऱ्याच जणी वाचकाच्या तोंडावर न मागितलेल्या खिडक्या उघडतात. असे पान मी माझ्या घरातल्या मुलांसमोर उघडणार नाही.

भाषेचा मुद्दा आपल्यासाठी सर्वांत महत्त्वाचा. ॲडसेन्सने हिंदी 2014 मध्ये स्वीकारली, मराठीला 2018 साल उजाडावे लागले. तोवर मराठीत कितीही चांगले लिहिले तरी या मार्गाने दमडी मिळत नसे. आज त्या यादीत उर्दूही आहे. म्हणजे आपल्या घरांतल्या दोन्ही भाषा आता चालतात. पण मराठी किंवा उर्दू पानावर बोली लावणारे दुकानदार कमी, म्हणून भावही कमी. हे कडू आहे, पण मुलांना आधीच सांगितलेले बरे.

आता जरा अंकगणित करू. समजा, तुमचे पान हजार वेळा उघडले गेले आणि तुमच्या वाट्याला 34 रुपये आले. आकडा उदाहरणासाठी घेतला आहे, कमी-जास्त होऊ शकतो. ॲडसेन्स आणि मीडिया डॉट नेट दोघेही 100 डॉलर जमल्याखेरीज पैसे पाठवत नाहीत. 100 डॉलर म्हणजे उदाहरणापुरते साडेआठ हजार रुपये धरा. म्हणजे तुमचे पान अडीच लाख वेळा उघडले गेले पाहिजे! तेव्हा पहिला पैसा हाती यायला वर्षही लागू शकते. दहावीनंतर शिक्षण सोडून "मी वेबसाइटच करतो" म्हणणाऱ्या मुलाला हे गणित वहीत करायला लावा. शिक्षण चालू ठेवून रोज तासभर करणाऱ्या मुलाला मात्र मी अडवणार नाही. भौगोलिक मानांकन मिळालेले बदलापूरचे जांभूळ, अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत लागणारी कौशल्ये, शिष्यवृत्तीचे अर्ज कसे भरावेत, यांवर नीट माहिती देणारे पान लोक शोधून वाचतील. दुसऱ्याचे उचलून चिकटवलेले पान ॲडसेन्स मुळात मंजूरच करत नाही.

काही पालकांनी मला बाजूला घेऊन विचारले की, जाहिरात कसली लागेल यावर आपला ताबा असतो का? प्रश्न रास्त आहे. सर्वांत चढा भाव मिळतो तो बहुधा कर्ज आणि विमा अशा विषयांना. पैसे लावून खेळायच्या खेळांच्या जाहिरातीही 2025 पर्यंत गावभर होत्या. ॲडसेन्समध्ये नको ते प्रकार आणि नको त्या जाहिरातदारांची पाने अडवण्याची सोय आहे. अडवले की कमाई थोडी घटते. व्याजाच्या कर्जाची जाहिरात चालेल की नाही हे आपापल्या आलिमांना विचारून ठरवावे, पण ते पहिल्याच दिवशी ठरवावे. पैसे जमू लागल्यावर असा निर्णय अवघड जातो.

आता लबाडीकडे वळतो. मे 2004 मध्ये टाइम्स ऑफ इंडियाने बातमी दिली होती की, आपल्या देशात गृहिणी आणि विद्यार्थी पैसे घेऊन दिवसभर नुसत्या जाहिरातींवर क्लिक करत बसतात. दुकानदाराचा पैसा जातो, गिऱ्हाईक एकही येत नाही. ही सरळ चोरी आहे. स्वतःच्या पानावर स्वतः क्लिक करणे, मित्रांना करायला सांगणे हेही त्यातच आले. कंपनीला ते कळते, खाते बंद होते आणि जमलेली रक्कम जाते.

याहून मोठा प्रकार नोएडात घडला. एका कंपनीने लोकांकडून 5,750 पासून 57,500 रुपयांपर्यंत घेतले आणि घरबसल्या प्रत्येक क्लिकमागे 5 रुपये देऊ म्हणून सांगितले. लाखो लोक शिरले. फेब्रुवारी 2017 मध्ये उत्तर प्रदेश पोलिसांनी चालकांना अटक केली तेव्हा सुमारे 3,700 कोटींचा मामला पुढे आला. तिथे पैसा कोण देत होता? पोलिसांच्या म्हणण्याप्रमाणे, नव्याने येणाऱ्यांचे पैसे जुन्यांना वाटले जात होते. जीन्सवाला त्यात कुठेच नव्हता. आज हेच मोबाइलवर "टास्क" या नावाने येते. आधी दीडशे-दोनशे रुपये खात्यात टाकतात, मग पाच हजार मागतात. ॲडसेन्स किंवा मीडिया डॉट नेट खाते उघडायला एक रुपयाही घेत नाहीत. जो आधी पैसे मागतो त्याच्याशी बोलणेच बंद करा, आणि पैसे गेलेच असतील तर लाजून घरी बसू नका, त्याच क्षणी 1930 या क्रमांकावर फोन करा. जितका उशीर, तितके पैसे परत मिळणे कठीण.

शेवटी कागदपत्रांविषयी. ॲडसेन्सच्या खात्याला 18 वर्षे पूर्ण लागतात, त्याखालील मुलाचे खाते पालकांच्या नावावर काढावे लागते. खात्यावरचे नाव आणि बँकेतले नाव एकच असू द्या. शेख कुठे पुढे, कुठे मागे असे लिहिले की तिथेच घोडे अडते. 10 डॉलर जमले की पत्ता तपासण्यासाठी टपालाने एक पिन येतो आणि तो चार महिन्यांत भरला नाही तर जाहिराती थांबतात. उल्हासनगरकरांनी कॅम्प, सेक्शन, बराक नंबर असा पूर्ण पत्ता लिहावा आणि पोस्टमनला आधी सांगून ठेवावे. साधा लिफाफा असतो, जाहिरातीचा कागद समजून पुष्कळ घरांत तो फेकून देतात.

ज्यांना खाते उघडायचे आहे त्यांनी चहापानानंतर संगणकाच्या खोलीत यावे, पालकांना बरोबर घेऊन.