क्रमांक विचारण्याआधी



मी टेनिस शिकवते. वर्ध्यात येऊन टेनिसवर काय बोलायचं, असं काहींना वाटत असेल. पण तुमच्या सेवाग्रामला गांधीजींच्या चिटणीस म्हणून काम केलेल्या राजकुमारी अमृत कौर उत्तम टेनिस खेळायच्या. त्या देशाच्या पहिल्या आरोग्यमंत्री झाल्या आणि 1953 मध्ये त्यांच्याच नावाने खेळाडू घडवण्याची योजना सुरू झाली. गांधीजींच्या सत्याग्रहावर संस्कृतात काव्य लिहिणाऱ्या पंडिता क्षमा राव यांच्याही हातात रॅकेट होती. त्यांची मुलगी लीला 1934 साली विम्बल्डनला गेली आणि पहिली फेरी जिंकली. तिथे एकेरीचा सामना जिंकणारी ती पहिली भारतीय स्त्री. दुसऱ्या फेरीत ती हरली.

मुलींनो, मला आज अशाच लवकर हरणाऱ्या मुलींबद्दल बोलायचं आहे. सानिया मिर्झा सगळ्यांना माहीत आहे. तीनशेव्या, पाचशेव्या क्रमांकावरची मुलगी कशी जगते, हे आपल्याला कुणी सांगत नाही.

ती जगभरच्या छोट्या स्पर्धांमध्ये खेळते. सगळ्यात लहान स्पर्धा पंधरा हजार डॉलरची. आकडा मोठा वाटतो ना? पण ही रक्कम सगळ्या खेळाडूंत वाटली जाते. पहिल्याच फेरीत हरलात तर हातात साधारण दीडशे डॉलर पडतात. त्यात विमानाचं तिकीट, हॉटेल, जेवण, रॅकेटचं गटिंग हे सगळं बसवायचं. प्रशिक्षक सोबत नेणं बहुतेकींना परवडतच नाही. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाने 2013 सालचा हिशेब मांडला होता. प्रशिक्षकाचा खर्च न धरताही, स्त्री खेळाडूचा जमाखर्च तेव्हा जेमतेम जुळत होता तो साधारण 253 व्या क्रमांकाला. त्याखालच्या मुली बहुतेक पदरमोड करून खेळत होत्या. शिवाय क्रमवारीसाठी मिळवलेले गुण 52 आठवड्यांनी निघून जातात. पाय मुरगळून सहा महिने घरी बसलात की चढलेली बरीचशी वाट पुन्हा चढायची.

पालकहो, हे मी तुम्हाला घाबरवायला सांगत नाही. मुलीला या खेळात घालताना हा हिशेब आधी माहीत असावा, एवढ्यासाठी सांगते.

आता बार्शीची प्रार्थना ठोंबरे. बार्शी म्हणजे तुमच्या हिंगणघाटसारखं, तालुक्याचं, बाजारपेठेचं गाव. तिथली ही मुलगी 2014 साली इंचॉनच्या आशियाई स्पर्धेत सानियाबरोबर दुहेरी खेळली आणि कांस्यपदक घेऊन आली. दोन वर्षांनी ती रिओ ऑलिंपिकला गेली, तेव्हा ती बावीस वर्षांची होती. समोर चीनची पेंग शुआई आणि झांग शुआई ही कसलेली जोडी. पहिला सेट टायब्रेकमध्ये गेला, दुसरा भारताने 7-5 असा जिंकला, तिसरा 7-5 असा चीनने. पहिल्याच फेरीत ऑलिंपिक संपलं. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात ‘भारताचा पराभव’ एवढंच आलं असणार. मी मात्र माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक मुलीला त्या तिसऱ्या सेटबद्दल सांगते. बार्शीहून निघून तिथवर पोचायला काय लागतं, याचा अंदाज त्या सेटवरून येतो.

दुसरी ऋतुजा भोसले, मूळची श्रीरामपूरची. ती अमेरिकेत टेक्सास ए अँड एम विद्यापीठाकडून खेळली आणि परत आल्यावर पुन्हा त्याच छोट्या स्पर्धांमध्ये उतरली. मार्च 2020 मध्ये दुबईत भारत फेड कप या स्त्रियांच्या सांघिक स्पर्धेच्या प्ले-ऑफमध्ये पहिल्यांदाच पोचला, त्या संघात ती होती. एकेरीत जगातल्या पहिल्या शंभरात ती कधी आली नाही. मधल्या काळात खेळ सोडून द्यावा असंही तिच्या मनात आलं होतं. ‘अजून थोडं खेळ’ म्हणणारा तिचा नवरा स्वप्नील गुगळे. तो महाराष्ट्राचा क्रिकेटपटू. रणजी करंडकात 351 धावा करून तो नाबाद राहिला, तरी भारताची टोपी त्याला मिळाली नाही. वरच्या पायरीवर पाय न ठेवताही खेळाडू खरा असतो, हे त्या घरात कुणी कुणाला समजावून सांगावं लागत नसेल!

30 सप्टेंबर 2023. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत मिश्र दुहेरीचा अंतिम सामना, ऋतुजाच्या जोडीला रोहन बोपण्णा, समोर तैवानची जोडी. पहिला सेट 2-6 असा गेला. दुसरा 6-3 जिंकला आणि शेवटचा टायब्रेक 10-4. सुवर्णपदक! त्या पदकाने तिच्या डब्ल्यूटीए, म्हणजे स्त्रियांच्या जागतिक क्रमवारीत एकाही गुणाची भर पडली नाही, कारण आशियाई स्पर्धेला तसे गुणच नसतात. 

म्हणून एक विनंती. गावातली कुठलीही मुलगी खेळून परत आली की आपला पहिला प्रश्न असतो, ‘कितवी आलीस?’ त्याऐवजी ‘कुणाशी खेळलीस, सामना कसा झाला?’ असं विचारा. तिच्याकडे सांगण्यासारखं खूप असतं आणि बहुतेकदा ते ऐकून घेणारं कुणी नसतं. शिक्षकांनाही सांगते, स्पर्धेमुळे बुडालेला तास तिला नंतर घेऊन द्या. ऋतुजाला अमेरिकेतल्या विद्यापीठाचं दार उघडलं ते खेळ आणि अभ्यास दोन्ही हातात होते म्हणून. आपल्या मुलींना तो रस्ता आधीच ठाऊक हवा. सोलापूरला, पुण्याला बायकांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा होतात. शाळेची सहल एकदा तिकडे न्या आणि मुलांना पहिल्या फेरीचे सामने दाखवा.

माझ्या गाडीत थोड्या रॅकेट आणि चेंडूंची पिशवी आहे. आजचे नाचाचे कार्यक्रम झाले की ज्यांना हात चालवून पाहायचा असेल त्यांनी मैदानाच्या त्या टोकाला या. साडी, घागरा, काहीही नेसलेलं चालेल, पायात मात्र बूट हवेत.